बाबा, यावेळी वेळेत सांगा

प्रिय आई-बाबा,

हे फोनवर बोलायला घेतलं की आई विषय बदलते आणि बाबा "बरंय, तू तुझं बघ" म्हणून फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी मिळून वाचा, घाई करू नका.

बाबा, मला वाटतंय तुमचं डिप्रेशन परत वाढायला लागलंय. आई म्हणते कुठं काय, ते रडत नाहीत, उदासपण दिसत नाहीत. पण आई, या वयात ते बऱ्याचदा रडण्यातून दिसतच नाही गं, अंगातून दिसतं. पोट साफ होत नाही, तोंडाला चव नाही, पाठ धरली, पहाटे तीनला जाग आली की परत डोळा लागत नाही, आणि साध्या गोष्टी विसरायला होतात. मग घरात सगळे म्हणतात वय झालं, चालायचंच. मला हे अजिबात मान्य नाही. म्हातारपण म्हणजे डिप्रेशन नव्हे, आणि सत्तरीतही त्याचा इलाज होतो, मागच्या वेळी आपण तो बघितलाय ना.

मागच्या वेळी सुरुवात कशी झाली ते आठवा. आधी पेपरातलं शब्दकोडं अर्धवट राहायला लागलं, मग दाढी दोन-दोन दिवसांनी, मग मळ्यातली फेरी बंद, मग कट्ट्यावरचे मित्र बोलवायला आले तर "झोपलेत म्हणून सांग". रडणं वगैरे फार नंतर आलं. प्रत्येकाची सुरुवात वेगळी असते, बाबांची ही आहे, आणि आता कोडं परत अर्धवट राहतंय असं आईच सहज बोलून गेली. एखादा दिवस वाईट गेला तर मी घाबरणार नाही, कोणाचाही जातो. पण दोन आठवडे जवळजवळ रोज असंच चाललं असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

अजून एक, हा त्रास बऱ्याच जणांना सकाळी जास्त असतो आणि दिवस कलला की जरा मोकळं वाटतं. मी फोन करते रात्री जेवणं झाल्यावर, म्हणजे मला तुमचा त्यातल्या त्यात बरा आवाज ऐकू येतो. आता सकाळी करणार, तेव्हा बोलावंसं वाटलं नाही तरी फोन उचला, नुसतं हं हं केलंत तरी चालेल.

डॉक्टरांनी दिलेला तो नऊ प्रश्नांचा कागद आहे ना, पीएचक्यू-९, तो दर पंधरा दिवसांनी भरा. गेल्या दोन आठवड्यांबद्दलच विचारतात, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, सगळे मिळून २७. आकडा मागच्यापेक्षा पाचेक मार्कांनी वर गेला तर ते किरकोळ समजायचं नाही. आणि शेवटचा प्रश्न, मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, त्याला शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर आणि मला फोन.

आई, हे तुला विचारायला जड जातं, माहितीये. पण सरळ विचारलं म्हणून कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही, उलट मनात असेल तर बोलायला वाट मिळते. "मी तुमच्यावर ओझं झालोय" असं म्हणायला लागले, किंवा अचानक पॉलिसीचे कागद, नॉमिनी, कुणाचे किती द्यायचेत हे सगळं आवरायला बसले, तर ती व्यवस्थितपणाची सवय म्हणून सोडून देऊ नकोस.

गोळ्यांचं. बाबा, बरं वाटलं म्हणून मनाने गोळी बंद करायची नाही. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असं होतं, शिवाय आजार परत उलटायची भीती. डोस बदलला तर फरक पडायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणू नका. आणि तुमची बीपीची गोळी लघवी वाढवणारी आहे, तिच्यासोबत ही डिप्रेशनची गोळी घेतली की या वयात रक्तातलं सोडियम उतरू शकतं, मग माणूस गळून जातो, तोल जातो, बोलण्यात घोळ होतो. तसं दिसलं तर ते मनाचं समजून घरी थांबू नका, लगेच रक्त तपासायचं. थायरॉईड आणि बी-१२ पण करून घ्या, त्यानेही असाच थकवा येतो.

रात्री-अपरात्री मी फोन उचलला नाही तर १४४१६ लावा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तो नंबर मी आईच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. जिवाला धोका वाटला तर मात्र फोनवर बोलत बसू नका, शेजारच्या काकांना हाक मारून थेट हॉस्पिटल गाठा, बाबांना एकटं सोडायचं नाही.

आई, गोळ्यांचा डबा तुझ्या कपाटात ठेव आणि रोजच्या रोज काढून दे. शेडमधल्या फवारणीच्या बाटल्या काकांकडे द्यायला सांग, मी त्यांच्याशी बोललेय, ते रविवारी येऊन नेतील. बाबा, तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही हे, आजार वाढला की तो माणसाला त्याच्या मनाविरुद्धही ढकलतो, म्हणून.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतेय. सोमवारची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीये, जाऊ तिघं मिळून.

तुमची,
मनू