बाबा, निळ्या खुणा चालू करा

निशिकासाई, टोकियो
५ ऑक्टोबर २०२५

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका. मी बरी आहे, पैसे संपलेले नाहीत, आणि परस्पर लग्नही ठरवलेलं नाही (आई, हे तुझ्यासाठी). रोज फोनवर बोलतोय तर पत्र कशाला, असं बाबा म्हणणारच. फोनवर तीनदा सांगायला घेतलं. एकदा आईचा कुकर झाला, एकदा बाबांना बातम्या लागल्या, तिसऱ्यांदा माझीच जीभ वळली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर नंतर रात्रभर फोनकडे बघत बसले असते, वाचलं का, कुणी वाचलं, उत्तर का येत नाही. पत्र पेटीत टाकलं की हातातून सुटलं.

आधी त्या फोटोचं. परवा काळ्या सुटातला फोटो पाठवला आणि कॉलेजचा कार्यक्रम होता म्हणाले, ते खोटं होतं. १ ऑक्टोबरला इथल्या पुष्कळ कंपन्या पुढच्या वर्षी रुजू होणाऱ्या मुलांना बोलावून रीतसर कागद हातात देतात. ‘नाइतेइ’ म्हणतात त्याला, म्हणजे नोकरी पक्की. माझी पक्की झाली आहे. १ एप्रिलपासून, इथेच, टोकियोत. होकार मी जूनमध्येच कळवला होता.

हे एवढं लिहून उठले, चहा केला, मग परत बसले.

बाबा, ‘दोन वर्षं, की परत’ असं विमानतळावर मी म्हणाले होते, ते विसरलेले नाही. तुम्ही एकदाही आठवण करून दिली नाहीत, त्याचंच जास्त लागतं. विचारल्याशिवाय ठरवलं याबद्दल रागवा, पण विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी ‘तुझं तू बघ, आमची काळजी करू नकोस’ म्हटलं असतं आणि त्या वाक्यापुढे मी नोकरी सोडून दिली असती. कर्जाचे हप्ते अजून पेन्शनमधून जातात. एप्रिलपासून ते मी भरणार, यावर वाद नको. पुण्यात नोकऱ्या नाहीत का? आहेत. पण इथे कॉलेजातून थेट येणाऱ्या मुलांना कंपनी दोन-तीन वर्षं हाताला धरून शिकवते, आणि ही संधी पदवीच्या वर्षी एकदाच चांगली मिळते. शिवाय विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २८ तासच काम करता येतं, त्यात घरभाडं आणि डाळ-तांदूळ एवढंच भागत होतं. बघा, कारणं मोजायला लागले की थांबत नाही मी. आबा म्हणायचे तसं, खरं कारण शेवटी येतं.

गेलं वर्षभर मी कंपन्यांच्या दारात हिंडत होते. ‘वाचनालयात आहे’ म्हणायचे तेव्हा निम्म्या वेळा कुठल्यातरी इमारतीच्या लॉबीत बुटांनी सोललेल्या टाचा कुरवाळत बसलेली असायचे. माझं डोकं पहिल्यापासून निरोपाच्या अ‍ॅपकडेच जात होतं. इथे व्हॉट्सअ‍ॅप कुणी वापरत नाही म्हटलं तरी चालेल, सगळं ‘लाईन’ नावाच्या अ‍ॅपवर. दंतवैद्याची वेळ, प्रोफेसरांची सूचना, सगळं. आमच्या मालकीणबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. घरात फॅक्स मशीन आहे, कॅलेंडर कागदाचं, आणि भाडं पोचलं की मला लाईनवर कमरेत वाकून नमस्कार करणारं तपकिरी अस्वल पाठवतात. अस्वलाचं नाव ब्राऊन. बाबांच्या गुलाबाच्या सुप्रभाताइतकंच नियमित. (बाबा, ‘इमोजी’ हा शब्द इथलाच बरं का. ए म्हणजे चित्र, मोजी म्हणजे अक्षर. १९९९ साली डोकोमो कंपनीच्या कुरिता नावाच्या माणसाने फोनसाठी १७६ चित्रं काढली, एकेक चित्र बारा बाय बारा ठिपक्यांत. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ती घेतली. तेव्हा तुमच्या सकाळच्या गुलाबांना मी यापुढे हसणार नाही.)

राकुतेन या इंटरनेटवरच्या मोठ्या कंपनीच्या इमारतीत गेले होते, फुताको-तामागावाला, नदीच्या जवळ. तिथे कंपनीचे संस्थापक मिकितानी यांनी २०१० मध्ये जाहीर केलं की कंपनीचा कारभार इंग्रजीतून चालणार. भाषेची अडचण नाही, म्हणून आमच्यातली बरीच मुलं तिकडे अर्ज करतात. मामाने आपल्या फोनवर व्हायबर टाकून दिलं होतं ते आठवतं? ‘फुकट आहे, फुकट आहे’ करून ओरडायचा आणि आवाज विहिरीतून यायचा. ते २०१४ मध्ये याच लोकांनी ९० कोटी डॉलरला घेतलं. मामाला सांगा. आणि भाजीवाल्याकडे इथे पेपे नावाचं अ‍ॅप चालतं, चौकोन स्कॅन करायचा, की पैसे गेले. २०१८ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्यामागचं तंत्र आपल्या पेटीएमचं होतं. परदेशात कोथिंबीर घेताना एवढंसं कारण पुरतं छाती फुगायला. कोथिंबिरीची जुडी केवढ्याला मिळते ते मात्र आईला सांगणार नाही.

दोन मोठ्या कंपन्यांनी शेवटच्या फेरीत नाही म्हटलं. ते तुमच्यापासून लपवलं, कारण तेव्हाच आईचं गुडघ्याचं चालू होतं. आता काही वाटत नाही. म्हणजे थोडं वाटतं.

जिथे लागले ती कंपनी छोटी आहे, सत्तरेक माणसं. नाव लांबलचक जपानी, फोनवर सांगेन. बाबा म्हणतील, एवढ्या लांब जाऊन छोटी कंपनी? काम ऐका आणि मग म्हणा. इथे ‘आन्पी काकुनिन’ असा शब्द आहे. आन्पी म्हणजे खुशाली, काकुनिन म्हणजे खात्री करून घेणं. ठरवलेल्या तीव्रतेच्या वर भूकंप झाला की आमची यंत्रणा आपोआप त्या भागातल्या हजारो लोकांना एकच प्रश्न पाठवते: सुखरूप आहात का? माणसाने एक बटण दाबायचं. ज्याने दाबलं नाही त्याचं नाव यादीत वर येतं, आणि त्याला परत विचारलं जातं. बस, एवढंच. मला हे काम मोठ्या कंपन्यांच्या दहा मजल्यांपेक्षा मोठं वाटलं.

लाईनचीही गोष्ट तिथूनच येते. ११ मार्च २०११ चा तो भूकंप आणि त्सुनामी. फोन लागेनात, इंटरनेट बऱ्याच ठिकाणी चालू होतं. त्याच वर्षी जूनमध्ये लाईन निघालं, कोरियाच्या नेव्हर कंपनीच्या इथल्या शाखेतून. त्यात निरोप वाचला गेला की शेजारी बारीक अक्षरांत ‘किदोकु’ उमटतं, म्हणजे ‘वाचलं’. ते कशासाठी ठेवलं, तर समोरच्याला उत्तर लिहिण्याचं त्राण नसलं तरी निदान कळावं की त्याने वाचलं, म्हणजे तो आहे. निदान इथे सगळे असंच सांगतात. आता पोरंपोरी त्यावरून भांडतात. वाचून उत्तर न देण्याला ‘किदोकु स्रू’ म्हणतात, आणि आई, तू त्यातली महाराणी आहेस.

मुलाखतीत विचारलं, हेच काम का? मी पाठ केलेलं उत्तर सोडून सांगलीचं सांगितलं. ऑगस्ट २०१९. आपण ते दोन दिवस कधी बोललोच नाही ना. तुम्ही घर, ट्रंक आणि पलीकडच्या काकूंचं बोललात, मी परीक्षेचं बोलले. मी हॉस्टेलवर होते. ‘पाणी कुठवर आलं?’ एवढं लिहून पाठवलेलं, आणि त्याच्यापुढे एकच राखाडी खूण. एकोणचाळीस तास एकच. रूममेट म्हणायची, झोप, आलं की वाजेल. मी फोन उशाखाली नाही, हातात धरून बसले होते, खूण उमटताना दिसावी म्हणून. दुसरी उमटली पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. आणि आईचं उत्तर आलं, ‘जेवलीस का.’

समोरच्या साहेबांनी विचारलं, नदी किती चढली होती? मी म्हटलं, आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर. त्यांना फूट कळेना. मी हिशोब करून साडेसतरा मीटर सांगितलं, तर त्यांनी तो आकडा वहीत लिहून घेतला आणि खाली रेघ मारली. बाकी काही बोलले नाहीत. मला तेव्हाच कळलं की मला तिथेच काम करायचंय. जूनमध्ये पत्र आलं, त्याच संध्याकाळी होकार दिला. तुम्हाला फोन केला तर आई कैऱ्या चिरत होती. मग राहूनच गेलं.

इथे १७१ नावाचा नंबर आहे. १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर विचार होऊन १९९८ मध्ये सुरू झाला. मोठी आपत्ती आली की आपला आवाज त्यावर ठेवायचा, आणि घरच्यांनी आपला नंबर दाबून तो ऐकायचा. सरावासाठी दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला खुला असतो. सप्टेंबरच्या पंधरा तारखेला मी करून बघितला. तीस सेकंद मिळतात. म्हटलं, ‘आई, मी बरी आहे. बाबा, मी बरी आहे.’ पुढे काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, ‘भेंडी केली होती.’ मग स्वतःच तो ऐकला. लहानपणी खेळताना पडले की उठून आधी ‘लागलं नाही, लागलं नाही’ म्हणत घरात यायचे आणि मग आईच्या पदरात रडायचे, अगदी तसाच आवाज होता. भूकंपाची काळजी मात्र करू नका. आमची इमारत नवीन आहे, पिशवी दाराशी भरून ठेवली आहे, आणि हलतं ते बहुतेक वेळा इतकं बारीक की चहा सांडत नाही. एकदा सांडला होता, थोडासा.

बाकी सगळी सोय आहे. निशिकासाईत आपल्या लोकांची दुकानं आहेत, तूरडाळ, पोहे, कणीक सगळं मिळतं. आईचा गोडा मसाला जपून वापरते. खोली छोटी, पण सकाळचं ऊन येतं, तुळस जगली आहे. थंडीत संडासाची बैठकसुद्धा गरम असते, बाबा, तुम्ही आलात की तिथेच पेपर वाचत बसाल. या तुम्ही. पुढच्या वर्षी एप्रिल संपता संपता, सुट्ट्या लागून येतात तेव्हा. सक्ती नाही. आईला विमानात पाय दुमडून बसणं जमेल का, हे आधी डॉक्टरांना विचारू.

मी फेब्रुवारीत तीन आठवडे येते आहे. तिकीट काढलंय, तेव्हा ‘कशाला खर्च’ म्हणायची वेळ गेली. तोवर काही गोष्टी मी सांगते तशा करायच्या. बाबा, तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी ऑगस्टमध्ये व्हायला हवी होती. मावशीला मी सांगितलंय, ती तुम्हाला मिरजेला घेऊन जाईल, तिच्याशी हुज्जत घालू नका. दिवाळीच्या साफसफाईला आईने माळ्यावर चढायचं नाही. स्टुलावरही नाही. बाई लावा, पैसे मी पाठवते. कुणी फोन करून ‘पोलिस बोलतोय, डिजिटल अटक’ म्हणालं तर एक शब्द न बोलता ठेवायचा. सभ्यपणे ‘बरं, ठेवतो’ असंही म्हणायचं नाही, बाबा.

आणि ते निळ्या खुणांचं. सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधल्या कुणीतरी ‘वाचून उत्तर दिलं नाहीत’ म्हटलं म्हणून तुम्ही त्या बंद केल्यात, मला माहीत आहे. त्यामुळे माझ्याही तुम्हाला दिसत नाहीत, हे लक्षात आलंय का? तुम्हाला वाटतं मी तुमचा निरोप वाचत नाही. मी तो सकाळी साडेसहाला, तुमच्याकडे तीन वाजलेले असताना, आदल्या रात्रीचा काढून परत वाचते. आता एक गुपित सांगते. ग्रुपवर त्या खुणा बंद करताच येत नाहीत. म्हणून मी डाळीचे, ढगांचे, मालकीणबाईंच्या मांजरीचे फोटो तुम्हाला एकट्याला न पाठवता घरच्या ग्रुपवर टाकते. तुम्ही बघितलेत की मला दिसतं. दोन वर्षं असंच चाललंय. सेटिंगमध्ये जा, मग प्रायव्हसी, तिथे वाचल्याच्या पावतीचं बटण आहे, ते हिरवं करा. जमलं नाही तर शेजारच्या सोहमला बोलवा, पण त्याला बाकी काही उघडू देऊ नका.

उत्तर लगेच नको. रागवायचं असेल तर चार दिवस घ्या, आईकडून निरोप पाठवू नका, स्वतः रागवा. रविवारी नेहमीच्या वेळेला फोन करीनच. तुमचे दुपारचे साडेबारा, जेवणाआधी.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, रिपोर्टचा फोटो काढाल तेव्हा अख्ख्या कागदाचा काढा. मागच्या वेळी आकड्यावर नेमका अंगठा आला होता. तो चुकून आला नव्हता, हे मला आणि आईला दोघींनाही माहीत आहे.