पाट एक सांगू की दोन?

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले असते, पण तू फोन स्पीकरवर टाकून लॅपटॉपवर काम करत बसतोस आणि मधेमधे हं हं करतोस, म्हणून लिहितेच आहे. दुपारी डबा खाताना वाच, सगळं वाच, आणि वाचून झाल्यावर नुसता अंगठा पाठवू नकोस.

परवा रात्री साडेनऊला तुझ्या सासऱ्यांचा फोन आला. एवढ्या उशिरा ते कधी करत नाहीत, त्यामुळे माझ्या पोटात धस्सच झालं, पोरीला सातवा चालू आहे आणि आपण किती लांब, पण तसं काही नव्हतं. आधी यंदा आंब्याला मोहोर बरा आहे वगैरे झालं, मग घसा खाकरला आणि म्हणाले, "ताई, एक विचारायचं होतं, बलून आर्च म्हणजे नक्की काय हो?"

मला आधी हसू आलं. मग कळलं की तू त्यांना डोहाळेजेवणासाठी सहा लिंका पाठवल्यास, बेज आणि पिस्ता कलरची थीम, मागे लाइटची पाटी, फुग्यांची कमान, केकचे फोटो, आणि खाली लिहिलंस की कपल बेबी शॉवर आहे तर असं काहीतरी बघा. बघा म्हणजे काय रे? त्यांनी खरंच बघितलं. सावंतवाडीत एकाकडे चौकशी करून आले, तो म्हणे अठरा हजार, शिवाय कुडाळवरून माणसं येणार त्यांचं गाडीभाडं वेगळं. जन्मभर शाळेत मास्तरकी केलेला माणूस, तक्रारीचा सूर नाही, उलट म्हणाले जावईबापूंची हौस आहे तर करूया की. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! हौस तुझी, खर्च त्यांचा, आणि हे सगळं तू बायकोला तरी विचारून केलंस का? मी विचारलं तिला काल. तिला माहीतच नव्हतं.

तर ते फुगेवाल्याचं तू स्वतः फोन करून बंद कर. मास्तरांवर ढकलू नकोस.

आता लगेच तोंड वाकडं करू नकोस, जोडीने बसायच्या मी विरोधात नाहीये. त्याच फोनवर त्यांनी दुसरी गोष्ट विचारली ती मला जास्त आवडली. चितारआळीत त्यांच्या ओळखीचा कारागीर आहे, त्याच्याकडून पोरीला बसायला लाखेच्या रंगाचा नक्षीचा पाट करून घेतायत. तर म्हणाले, "पाट एक सांगू की दोन?" म्हणजे तू शेजारी बसणार का असं त्यांना विचारायचं होतं. तिच्या आजीचं म्हणणं एकच, डोहाळेजेवण म्हणजे बायकांचं, त्यात पुरुषाचं काय काम, जावई बसला तर लोक हसतील. मी म्हटलं दोन दिवसांत सांगते. मग आपल्या शेजारच्या गुरुजींकडे गेले, कारण आजींना माझं म्हणणं पटायचं नाही, शास्त्राचं पटेल.

गुरुजी तर खूशच झाले. म्हणाले, सोळा संस्कारांत सीमंतोन्नयन आहे ना, ते नवऱ्यानेच करायचं असतं. सीमंत म्हणजे भांग. नवरा साळिंदराच्या काट्याने आणि औदुंबराच्या कच्च्या फळांच्या घोसाने गर्भारशीच्या केसांचा भांग वर काढतो, गृह्यसूत्रांत तसं लिहिलंय. म्हणजे बघ, तुम्ही ज्याला कपल म्हणता ते आपल्याकडे आधीपासून होतं, मधेच कधीतरी बायकांनी पुरुषांना बाहेर काढलं किंवा पुरुष आपणहून सटकले, मला वाटतं सटकलेच असतील. (साळिंदराचा काटा शोधायला जाऊ नकोस, त्या प्राण्याला कायद्याने संरक्षण आहे, घरातला कंगवा चालेल.) आणि डोहाळे हा शब्द म्हणे दोहदावरून आला, आयुर्वेदात गर्भारशीला दोन हृदयांची बाई म्हटलंय, तिला जे खावंसं वाटतं ते त्या दुसऱ्या हृदयाचं मागणं. हे मला चौतीस वर्षं आरोग्यसेविकेची नोकरी करून माहीत नव्हतं. आम्हाला आयर्नच्या गोळ्या किती आणि वजन किती वाढलं तेवढंच माहीत. अंगणवाडीत आम्ही सगळ्या गरोदर बायांचं मिळून डोहाळेजेवण करायचो, पोषण आहाराच्या निमित्ताने, पण एवढ्या वर्षांत एकीचाही नवरा आत येऊन बसलेला मी पाहिला नाही. गाडीवर सोडायला यायचे आणि बाहेर पान खात उभे राहायचे.

तुझे बाबा तर तेवढेही आले नव्हते. सांगायचं नव्हतं पण आता सांगते. १९९४, मार्च संपत आलेला, आमच्या तासगावाकडे तेव्हा बेदाण्याची धांदल, आणि माझ्या आईने त्या गडबडीतच माझं डोहाळेजेवण घातलं होतं. हिरवी साडी, हिरवा चुडा, मोगऱ्याच्या कळ्यांची वाडी, मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा सगळं माझ्या मावशीने रात्रभर बसून गुंफलेलं. बाबा एसटीवर ड्रायव्हर, सुट्टी मिळाली नाही. मिळाली नाही की मागितली नाही हे मी अजून विचारलेलं नाही. रात्री शेवटच्या गाडीने आले ते खाकी कपड्यातच. आईने ताट झाकून ठेवलं होतं. मी तोवर फुलं काढून ताटलीत ठेवली होती, कळ्या उमलून पिवळ्या पडलेल्या. त्यांनी त्यातला बाजूबंद उचलून बघितला, आणि म्हणाले बरंच काम आहे की यात. तेवढंच. माझ्या त्या दिवसाच्या एकाही फोटोत ते नाहीत. आत्ता हे लिहितेय तर समोरच पेपर वाचत बसलेत, त्यांना कळलं नाही मी काय लिहितेय ते बरंय.

आणि पेढा-बर्फीचं. तू केकच्या आत रंग भरून कापायचं काहीतरी पाठवलंयस, तुझा अमेरिकेतला मित्र करतो ते. तिकडे आधी कळतं म्हणून ते चालतं, इथे १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिदानाला बंदी आहे, तर तू केकवाल्याला काय सांगणार रंग कोणता भर म्हणून? म्हणे नुसता गंमतीचा अंदाज. मग आपला वाटीचा खेळ काय वाईट, दोन वाट्या पालथ्या, एकीखाली पेढा एकीखाली बर्फी, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी तर मुलगी. माझी बर्फी निघाली होती. अख्ख्या सोप्यात एकदम शांतता पसरली, तुझी आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, नुसतं बरं म्हणाल्या आणि पदर सावरत बसल्या. आणि जूनमध्ये तू आलास. बर्फीचा तू! नोकरीत असताना पोटाच्या आकारावरून, चालण्यावरून, चेहऱ्यावरच्या डागांवरून सांगणाऱ्या शंभर बायका बघितल्या, निम्म्या वेळा बरोबर यायच्या, तेवढं तर नाणं उडवूनही येतं. पण ती शांतता माझ्या लक्षात राहिलीय. म्हणून विहीणबाईंना मी सांगितलंय की दोन्ही वाट्यांखाली कंदी पेढा न् बर्फी दोन्ही ठेवा, खाऊन मोकळे व्हा. आणि कुणी काही बोललंच तर तू बोलायचंस की मुलगा की मुलगी हे बापाच्या पेशीवरून ठरतं, बघायचं तर माझ्याकडे बघा. तू शेजारी पाहिजेस तो यासाठी, फोटोसाठी नाही.

आता मुख्य. तिला काय खावंसं वाटतंय हे तुला माहितीय का? तू तिला परवा कुठल्या तरी ॲपवरून चीजकेक मागवून दिलास म्हणे. ती मला फोनवर म्हणाली, "आई, मला शिरवाळे खायचेत, आमच्याकडचे, नारळाच्या रसातले." पुण्यात कुठून मिळणार. तर तिच्या आईने ठरवलंय की जेवणात काजूची उसळ, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी आणि गोडाला शिरवाळे. ओल्या काजूचा सीझन आहेच. पण साठ पानांचे शिरवाळे म्हणजे चेष्टा नाही. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे गरम असतानाच साच्यात घालून दाबावे लागतात, गार झाले की साचा हलत नाही, आणि दाबायला ताकद लागते, एकाने दाबायचं आणि दुसऱ्याने खाली ताटात फिरवून झेलायचं. विहीणबाईंचा उजवा खांदा गेले वर्षभर धरलाय, हेही तुला माहीत नसेल. तू जिममध्ये महिन्याला दोन हजार भरतोस ना, तर आदल्या दिवशी पोच आणि साचा दाबायला उभा राहा.

येताना एकदम पुण्याहून सावंतवाडी ओढू नका. पेठनाक्यावरून आत वळा, रात्री इथे सांगलीत झोपा, सकाळी आपण दोन गाड्या करून आजऱ्यावरून आंबोली उतरू. गाडीचा पट्टा तिने लावायचाच, पण आडवा पट्टा पोटावरून नाही, पोटाच्या खालून मांड्यांवर घ्यायचा, आणि तासा-दीड तासाने उतरून चार पावलं चालायचं. घाटात स्पीड दाखवलास तर बाबा तुला मागे बसवतील, निवृत्त झाले तरी वळणावर हात अजून स्टेअरिंग शोधतात.

आणि पैशाचं बोलायचं राहिलं. बाळंतपण माहेरी करायचं असं तिने ठरवलंय, मला पटलंय, तिला तिची आई हवीय. रजा तिला सव्वीस आठवडे आहे, त्यातले आठच्या वर आधी घेता येत नाहीत, तिने हिशोब बरोबर केलाय. तुला खाजगीत कायद्याने बापाची रजा नाही, केंद्र सरकारच्या नोकरांना पंधरा दिवस असते, तुझी कंपनी पाच देते म्हणालास तर ते पाच आणि साठलेली तुझी रजा जोडून घे, आत्ताच अर्ज टाक. दवाखाना तिथे कोणता ते बघून ठेवा, ब्लडग्रुपचा कागद, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट एका फायलीत, आणि तिकडची माणसं अडचण आली की गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेतात, तो रस्ता एकदा स्वतः गाडी चालवून बघून ये. मे महिन्यात गोव्याच्या हायवेला केवढी गर्दी असते तुला माहितीय.

पण बिल तू भरायचंस. सगळं. पहिलं बाळंतपण माहेरचं म्हणजे खर्च माहेरचा, हे आपल्या घरात आता चालणार नाही. माझं सिझर झालं तेव्हा सात हजार चारशे बिल झालं होतं, ९४ साली, तुझ्या आजोबांनी, म्हणजे माझ्या अण्णांनी, काउंटरवर मोजून दिले, बाबा शेजारी उभे होते आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. बेदाणा आमचे अण्णा कोल्ड स्टोरेजला ठेवायचे, गणपती-दिवाळीला दर चढला की काढायचे. त्या वर्षी त्यांनी सगळा जूनमध्येच काढला, मिळेल त्या भावाने. मला हे चार वर्षांनी भावाकडून कळलं, तेसुद्धा वेगळ्याच कशावरून तरी भांडण झालं म्हणून. आणि एवढं करून सासूबाई म्हणाल्या होत्या की डोहाळेजेवणात विहिणीला दिलेल्या साडीचे काठ बारीक होते. काठ, सोन्या! ते अण्णांच्या कानावर गेलं होतं.

म्हणून मी विहीणबाईंना सांगितलंय, मला साडी नको, बाबांना टॉवेल-टोपी नको, मानपान काही नको. त्या ऐकत नव्हत्या, मग म्हटलं द्यायचंच असेल तर सुरंगीच्या फुलांचा एक वळेसर, म्हणजे गजरा, द्या, आत्ताच तर फुलतेय, इकडे मिळत नाही. तर त्या रडायलाच लागल्या. मला पुढे काय बोलावं सुचेना, मग दोघी उगाचच कोकमांवर बोलत बसलो.

जेवण ते घालतायत तेवढं त्यांना करू दे, मनासारखं करू दे, अंगणात मांडव, झोपाळा, शेजारपाजारच्या बायका, गाणी, जसं त्यांना येतं तसं. तिथे तुझ्या लिंका नकोत. तुझ्या मित्रांचं पुण्यात काय करायचं ते बाळ झाल्यावर तुझ्या पैशाने कर, फुगे लाव नाहीतर हत्ती आण, मी येऊन टाळ्या वाजवीन.

बाबांनी मधेच विचारलं, आपण पुरुषांनी काय घालायचं तिथे, हाफ शर्ट चालेल का. म्हणजे ते आत येऊन बसणार आहेत. मी म्हटलं चालेल, इस्त्री करून ठेवा.

मास्तरांना आज सकाळी फोन केला. म्हटलं पाट दोन सांगा, आणि जावयाचा जरा रुंद सांगा.

तुझी,
आई