चंद्रावर कामाला जाणारी माणसं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि आपल्या जुन्या अंतराळ-खेळण्यांचा फोटो मिळाला. मेजर मॅट मेसन अजून आहे तर! त्याचा लोंबणारा हात वाकवून नीट करू का, असं तू विचारलंस. आधी त्याचं उत्तर: वाकवून बघू नकोस. मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीने 1966 साली हा अंतराळवीर आणला तेव्हा त्याच्या रबरी अंगात तार घातली होती. म्हणून तर तो गुडघे दुमडून बसायचा. पण वाकवून वाकवून तीच तार आतल्या आत तुटते. त्याला उन्हात ठेवू नकोस, आणि मऊ प्लॅस्टिकची माणसं कडक प्लॅस्टिकच्या यानाला टेकून ठेवू नकोस. मऊपणासाठी घातलेलं रसायन झिरपून कडक भागावर डाग पाडतं, तो कायमचा खराब होतो.

फोटो पाहिल्यापासून सारखं वाटतंय की आपण इतके गुंतायचो ते या माणसांना काम होतं म्हणून. मेजर चंद्रावर राहायचा आणि तिथे नोकरी करायचा. तीन मजली तळ, आणि चाकांऐवजी नुसत्या आऱ्यांवर ढांगा टाकत जाणारी ती गाडी! उशांच्या ढिगावरूनही चढायची. ती बनवणाऱ्यांनी त्या वेळच्या विमानविद्येच्या आणि अंतराळविषयक मासिकांतल्या आराखड्यांवरून कल्पना घेतल्या होत्या. जुलै 1969 मध्ये खरी माणसं चंद्रावर उतरली, त्याच्या आधीच मुलांच्या पलंगाखाली चांद्रतळ उभा होता.

आणि निळ्या पोशाखातला जेफ लाँग आठवतो? मेजरचा कृष्णवर्णीय सहकारी. अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय अंतराळवीर गायअन ब्लुफर्ड प्रत्यक्ष अवकाशात गेला 1983 साली. खेळण्यात मात्र जेफ अपोलो चांद्रमोहिमांच्या काळातच कामावर रुजू झाला होता. कॅलिस्टो तर गुरूवरून आलेला, हिरव्या पारदर्शक डोक्यातून मेंदू दिसणारा, आणि तरी तो मित्रच. परग्रहावरचा म्हणजे शत्रू, हे तेव्हा आपल्या डोक्यातही नव्हतं. मला याचं आजही फार अप्रूप वाटतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लोकांचा चंद्रावरचा जीव उडाला आणि मेजरचंही दुकान उठलं.

पण माझा खरा जीव लेगोच्या, म्हणजे जोडायच्या ठोकळ्यांच्या खेळातल्या, अंतराळवीरांवर. 1978 साली आले ते लाल आणि पांढरे, छातीवर ग्रह आणि त्याभोवती फिरणारं यान. डिझायनर येन्स न्यूगोर क्नुडसेन. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच साधं हसू! हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा इतका बारीक की तिथे हमखास तडा जायचा. माझ्या एकाचाही पट्टा शाबूत नाही. 1979 च्या गॅलेक्सी एक्सप्लोरर या यानाचं मागचं दार उघडलं की आतून छोटी गाडी बाहेर यायची. त्या एका दारापायी मी दुपारच्या दुपारी घालवल्या. यान कुठून आलं, कुठे निघालं, खोक्यावर काही लिहिलेलं नसायचं. ते आपण ठरवायचं. चंद्रासारख्या खड्ड्यांची ती राखाडी पाटी मांडली की तू हवामान खात्यात आणि मी दुरुस्ती खात्यात. तासभर कुणी कुणावर गोळी झाडायचं नाही, आणि तरी कंटाळा येत नसे.

2022 मध्ये लेगोने तेच यान मोठ्या आकारात पुन्हा काढलं. मी जोडलं. सुंदर आहे, दारही आहे, आणि ते जोडताना मी खरोखर सुखात होतो.

लेगोचे 1987 चे काळ्या पोशाखातले ब्लॅकट्रॉनवाले आल्यावरच खेळाला रंगत आली, असं तू लिहितोस. मला पटत नाही. त्यांची यानं देखणी, मान्य. पण दोन वर्षांत त्यांच्यामागे अंतराळ पोलीस लागले, आणि मग प्रत्येक डाव पाठलागाचाच. नुसतं खड्डे मोजायला, अँटेना उभारायला कुणी जाईनाच. तुझी बाजू पुढच्या पत्रात सविस्तर मांड. आणि कॅलिस्टो सापडला का, तेवढं आधी कळव.

तुझाच,
दुरुस्ती खातं