दुरुस्त केलेलं घर नको, भेगा पडलेलं चालतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चिपळुणातलं आमचं घर जांभ्याच्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, आजोबांनी बांधलेलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात ओटीवर पुरुषभर पाणी उभं होतं. पाणी ओसरलं, गाळ उपसून झाला, सानुग्रह मदतीचे दहा हजार हाती आले आणि पंधरवड्याने लक्षात आलं की माजघरामागच्या भिंतीला पोट सुटलंय. पायाखालची माती धुऊन गेली होती.

गवंडी म्हणाला, "पाडा आणि नवी घाला." कऱ्हाडहून आणलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी पाडू दिली नाही. पायाचे तीन-तीन फुटांचे टप्पे पाडून, एक सोडून एक खणत, खाली काँक्रीट भरलं. जोत्याच्या पातळीवर घराभोवती आरसीसीचा पट्टा फिरवला, दुसरा दाराखिडक्यांच्या वर. कोपऱ्यांत कॉलम उभे केले, चिऱ्यांच्या दरजांतली माती खरवडून सिमेंट भरलं. सहा लाख चाळीस हजार गेले. पण घर आता आजोबांच्या काळापेक्षा मजबूत आहे, आणि तसं इंजिनिअरांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं आहे.

यंदा पावसाआधी घराचा विमा उतरवायला गेलो तेव्हा हाच कागद आडवा आला.

१ एप्रिल २०२१ पासून अशा विम्यासाठी सर्व कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच मसुद्याची पॉलिसी द्यावी लागते. पॉलिसी मुळात चांगली आहे. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड हे सगळं त्यात येतं. विम्याची रक्कम ठरते ती बांधकामाच्या खर्चावर. जागेची किंमत त्यात धरत नाहीत. आमचं चटई क्षेत्र ८० चौरस मीटर, दर चौरस मीटरला २२ हजार धरले तर १७ लाख ६० हजार. घरातल्या सामानासाठी याच्या २० टक्के रक्कम, म्हणजे आमच्या बाबतीत साडेतीन लाख, वेगळी यादी न देता आपोआप मिळते. कमाल मर्यादा दहा लाख. (वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी माफ झाला, घराच्या विम्यावर मात्र १८ टक्के आहेच. घर ही बहुधा चैन असावी.)

आम्हाला दिलेल्या अर्जात घर कधीचं, पक्कं की कच्चं, पत्ता, क्षेत्रफळ एवढंच विचारलं होतं. आधी पडझड झाली का, दुरुस्ती केली का, याला रकानाच नाही. मी एजंटाला म्हटलं, मग हे कुठे लिहू? तो ओळखीतला मुलगा. म्हणाला, "काका, विचारलेलं नाही ना, मग लिहू नका. उगाच फाइल वर जाईल."

मी लिहिलं. अर्जाला पुरवणी जोडली, इंजिनिअरांचं प्रमाणपत्र, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, सळई-सिमेंटची बिलं लावली. फाइल खरंच वर गेली. महिनाभराने फोन आला की ही जोखीम कंपनीला घेता येणार नाही. कारण? "स्ट्रक्चरल रिपेअर हिस्ट्री." लेखी द्या म्हटलं, ते काही आलं नाही. पूररेषेवरून अडवलं असतं तर एक वेळ समजू शकलो असतो. पुराची पातळी दाखवणाऱ्या निळ्या-लाल रेषांनी इथे सगळ्यांनाच धारेवर धरलंय. पण तो प्रश्न त्यांनी विचारलाही नाही.

आता गंमत बघा. आमच्या आळीतल्या एका घराची भिंत त्याच पुरापासून भेगाळलेली आहे. पैसे नाहीत म्हणून त्यांनी भेगांवर चुना फासला. त्यांच्या पुण्यातल्या मुलाने त्याच कंपनीची, तीच पॉलिसी मोबाइलवरून चहा निवायच्या आत काढली. अर्जात खोटं काहीच लिहावं लागलं नाही, कारण विचारलंच नव्हतं.

एजंटाचा सल्ला सोयीचा आहे, पण खड्डा पुढे आहे. विम्याचा करार दोन्ही बाजूंच्या प्रामाणिकपणावर चालतो. महत्त्वाची गोष्ट दडवली असं दाव्याच्या वेळी म्हणायला कंपनीला वाव उरतो. त्यात याच पॉलिसीत जमीन खचण्याच्या कलमाखाली एक अपवाद आहे: सदोष रचना, निकृष्ट काम वा साहित्य, आणि बांधकामातले फेरफार किंवा दुरुस्ती यांच्यामुळे झालेलं नुकसान भरून मिळत नाही. शब्द नीट वाचले तर अपवाद त्या कारणाने झालेल्या नुकसानीपुरता आहे. दुरुस्ती झालेल्या घराला विमाच नाही, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही, आणि पुराचं संरक्षण तर वेगळ्या कलमात आहे. पण उद्या भिंत कोसळली आणि नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने "ही आधीच कमकुवत होती" असं लिहिलं, तर सिद्ध करायचं कोणी? ज्याच्याकडे कागद आहेत तो निदान भांडू तरी शकेल. म्हणून सांगतो, दुरुस्ती करणाऱ्यांनी बिलं आणि फोटो टाकून देऊ नयेत. प्लॅस्टर चढायच्या आधीचे फोटो तर नक्कीच काढून ठेवावेत. नंतर आतली सळई कोणाला दाखवणार?

हे एकट्या कोकणातल्या चिरेबंदी घरांचं नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करायचं असतं. ऑडिट झालं की दुरुस्ती निघतेच, कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून मजबुतीचं वेष्टन, होतंच. एका हाताने सरकार दुरुस्ती करा म्हणणार आणि दुसऱ्या हाताने विमा कंपनी त्याच दुरुस्तीला डाग मानणार, हे कसं चालायचं?

विमा नियामकाने जून २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे की कागदपत्रं नाहीत म्हणून दावा नाकारू नका, लागतील ती प्रस्ताव घेतानाच मागा. मग त्याच अर्जात दोन ओळी वाढवाव्यात: आधी काय दुरुस्ती झाली, आणि इंजिनिअरचं प्रमाणपत्र आहे का. तीही मराठीत. प्रमाणपत्र असेल तर नकाराचं कारण लेखी द्यावं आणि जे कळवलं ते पॉलिसीच्या पहिल्या पानावर नोंदवावं.

दुसऱ्या एका कंपनीने आमचा प्रस्ताव हीच सगळी कागदपत्रं पाहून स्वीकारला, जास्त हप्ताही लावला नाही. पॉलिसी आली. पण तिच्यात दुरुस्तीचा एका शब्दाने उल्लेख नाही. तशी नोंद करून द्या म्हणून मी ईमेल केला, त्याला आज तेवीस दिवस झाले. वाशिष्ठी नदीचं पाणी चढायला लागलं आहे.

आपला,
एक वाचक, चिपळूण