खोल पाण्यातील मुशीला मासेमारीच्या उद्दिष्टातून वगळा : केंद्रीय मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून खोल समुद्रातील मासेमारीच्या नौकांना अर्थसाहाय्य मिळते आणि त्यामुळे किनाऱ्यालगतच्या पाण्यावरील ताण कमी व्हावा, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु वरच्या थरांत फिरणारा कुपा (ट्यूना) आणि तळाशी राहणारी मुशी यांना एकच नियम लावणे घातक ठरेल. हे पत्र सेंट्रोफोरस प्रजातीतील मुशांविषयी, म्हणजेच गल्पर शार्कविषयी आहे.

या मुशा साधारण 200 मीटरपासून हजार मीटरहून अधिक खोलीपर्यंत, खंडान्त उताराच्या (किनाऱ्यालगतचा उथळ तळ संपून समुद्र खोल होत जातो त्या उताराच्या) तळालगत वावरतात. जेमतेम उजेड पोहोचणाऱ्या त्या थंड पाण्यात पाहता यावे म्हणून त्यांचे डोळे मोठे आणि हिरवट चमकणारे असतात, आणि पाठीवरील दोन्ही परांपुढे एकेक टणक काटा असतो. कोणत्याही शार्कला नसतो तसा त्यांनाही वाताशय, म्हणजे तरंगण्यास मदत करणारी हवेची पिशवी, नसतो. पाण्यात तोल सांभाळण्याचे काम यकृतातील तेल करते. त्यामुळे यकृत अवाढव्य असते, काही जातींत शरीराच्या वजनाच्या पंचमांशाच्या आसपास, आणि त्या तेलात स्क्वालीन या तेलकट द्रव्याचे प्रमाण फार मोठे असते. सौंदर्यप्रसाधने आणि पूरक आहाराच्या गोळ्या यांसाठी त्याला मागणी आहे. जे तेल या माशाला तरंगत ठेवते, त्याच तेलासाठी तो मारला जातो.

खरी अडचण त्याच्या प्रजननात आहे. बांगडा किंवा तारली वर्षा-दोन वर्षांत वयात येते आणि हजारो अंडी घालते, त्यामुळे एखादा हंगाम वाईट गेला तरी साठा सावरू शकतो. सेंट्रोफोरस ग्रॅन्युलोसस या जातीची मादी मात्र वयात येण्यास सोळा वर्षांच्या आसपास घेते, सुमारे दोन वर्षे गर्भ वाढवते आणि एका वेळी सहसा एकच पिल्लू देते. अशा माशाच्या साठ्यातून दरवर्षी काय काढता येईल, याचा हिशेब कोणत्याही पद्धतीने मांडला तरी उत्तर शून्याच्या जवळच येते.

याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यापलीकडे 1976-77 मध्ये सर्वेक्षणाच्या ट्रॉलला (नौकेमागे ओढल्या जाणाऱ्या जाळ्याला) दर तासाला सरासरी 126 किलो गल्पर मुशी मिळत होती. वीस वर्षांनी त्याच भागात ती 0.4 किलो उरली. मालदीवमध्ये 1980 च्या सुमारास सुरू झालेली ही मासेमारी काही वर्षांतच शिखरावर पोहोचली आणि नंतर कोसळली. युरोपीय संघाने 2010 पासून खोल पाण्यातील शार्कची अनुमत पकड शून्यावर आणली.

आपल्याकडे कोची बंदरात खोल पाण्यातील शार्क उतरवले जातात आणि त्यात तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यातील तूतूरच्या लांब पल्ल्याच्या नौकांचा मोठा वाटा आहे. त्या मच्छीमारांना दोष देण्यात अर्थ नाही. बाजार जे मागतो तेच ते आणतात, आणि समुद्राचे त्यांचे ज्ञान तर अनेक कार्यालयांपेक्षा सरस आहे.

म्हणून विनंती अशी की, नौकांच्या परवान्यात तळाशी सोडलेल्या गळाच्या दोरीला खोलीची स्पष्ट मर्यादा घालावी, आणि कुप्याच्या मासेमारीला मिळणारे साहाय्य तळाच्या मासेमारीकडे वळू देऊ नये. बंदरावरील नोंदींत 'शार्क' असा एकच रकाना न ठेवता जातवार नोंद बंधनकारक करावी. डोके आणि पर काढून टाकलेल्या धडावरून जात ओळखणे कठीण असल्यामुळे ती नोंद मासा कापण्यापूर्वी झाली पाहिजे. ऑलिव्ह आणि उसापासूनही स्क्वालीन मिळवता येते, तेव्हा यकृततेलाच्या खरेदीदारांना तो पर्याय स्वीकारण्यासाठी मुदत ठरवून द्यावी. आणि ज्या नौकांचे उत्पन्न आज या तेलावर अवलंबून आहे, त्यांना कुप्याच्या हातगळाकडे वळण्यासाठीचे साहाय्य खोलीची मर्यादा लागू होण्याआधी मिळावे, नंतर नव्हे.

आपला विश्वासू,
सागरी जीवशास्त्राचा एक अभ्यासक