कंबरदुखी थांबण्याची वाट पाहू नकोस

चि. मृणाल हिस आईचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, की एकदाची कंबर दुखायची थांबू दे, मग झोप आपोआप येईल. नोकरीत असताना वॉर्डातले रुग्णही मला हेच सांगत, आणि ते पटण्यासारखे असल्यामुळेच माणूस त्यात अडकून पडतो. दुखते म्हणून झोप मोडते, हे खरे आहे. परंतु रात्र वाईट गेली की दुसऱ्या दिवशी दुखणे वाढते, हा उलटा संबंध अभ्यासकांना अधिक भरवशाने दिसून आला आहे.

दुखऱ्या भागाकडून निघालेला संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोचतो असे नाही. मेंदू वरून खाली, मणक्यातल्या मज्जारज्जूकडे, तो संदेश दाबणाऱ्या सूचना पाठवत असतो. झोप बिघडली की ही दाबण्याची ताकद कमी होते. बर्कली येथील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी तरुणांना रात्रभर जागे ठेवून पायाला उष्णतेचा चटका दिला, तेव्हा एरवी सोसवणारी उष्णता त्यांना दुखू लागली. मेंदूतला वेदना टिपणारा भाग अधिक जोमाने काम करत होता आणि तिला आवर घालणारे भाग मंदावले होते. तुझ्या बाबतीत मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला २००७ सालचा अभ्यास : निरोगी स्त्रियांच्या एका गटाला थोडाच वेळ पण सलग झोपू दिले आणि दुसऱ्या गटाला तेवढीच झोप पुन्हापुन्हा उठवून दिली, तर वेदना दाबण्याची क्षमता खालावली ती वारंवार उठवलेल्यांची. दिवाळीत तू इथे होतीस तेव्हा कूस बदलताना होणारी खाटेची करकर आणि त्यापाठोपाठ भिंतीवर पडणारा मोबाइलचा उजेड मला शेजारच्या खोलीतून कळत असे, आणि सकाळी मोजे घालण्याआधी तू कमरेमागे हात टेकवून बराच वेळ खाटेच्या कडेवर बसून राहायचीस. 'सात तास झोपले' हा तुझा हिशेब म्हणूनच मला मान्य नाही.

एमआरआयमध्ये विशेष काही नाही म्हणून दुखणे मनाचे आहे, असा अर्थ तू काढू नकोस आणि कोणाला काढूही देऊ नकोस. मात्र झोपेवर स्वतंत्र उपचार घे. अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ साली जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांआधी जो मानसोपचार सुचवला, त्यात उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे, झोप येत नसेल तर अंथरुणातून उठून दुसरीकडे बसणे, आणि दुखते म्हणून दिवसा खाटेवर लोळत न पडणे, अशा साध्या पण चिकाटीच्या गोष्टी असतात. (रविवारी बारापर्यंत लोळण्याला माझा विरोध जुनाच आहे, या वेळी शास्त्रही माझ्या बाजूला आहे.) अंथरुणातला वेळ मोजूनमापून कमी करण्याचाही त्यात एक भाग आहे, तो मात्र जाणकाराच्या देखरेखीखालीच कर, कारण सुरुवातीला दिवसा गुंगी येते आणि तू गाडी चालवतेस. यामुळे झोप बरीच सुधारते. दुखण्यात पडणारा फरक त्यामानाने माफक असतो, तेव्हा पंधरा दिवसांत कंबर मोकळी होईल अशी आशा धरू नकोस.

संध्याकाळच्या चहाबद्दल तुला काही सांगण्यात अर्थ नाही. पण मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेली झोपेची गोळी बंद करायची असेल, तर तीही एकदम न थांबवता डॉक्टरांना विचारूनच थांबव. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि झोपेच्या गोळ्या एकत्र घेतल्या तर श्वास मंदावू शकतो, आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना निखिलरावांना सोबत ने. तू किती घोरतेस हे तुला ठाऊक नाही, त्यांना आहे.

तुझी,
आई