पाटोच्या ग्रंथालयातल्या त्या मुलीस

प्रिय बाय,

नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघडं पत्र. पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्वतःचा अभ्यास बाजूला सारून माझ्या बाबांचा पाऊस मार्गी लावलास, ती तू.

बाबा सत्तरी तालुक्यातल्या आमच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून वेधशाळेसारखे रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचे. ते गेल्यावर वह्या मी संगणकावर उतरवल्या, त्यांनी लिहिल्या तशाच, देवनागरी आकड्यांत. पुढचं काम पैसे घेऊन करणारे एक गृहस्थ भेटले. त्यांनी सर्वांत जास्त पाऊस काढून दिला ९ मिलिमीटर. ११२ त्याच्या खाली! आकडे स्ट्रिंगच, म्हणजे नुसती अक्षरंच, राहिले की यंत्र पहिलं अक्षर बघतं आणि ९ हे १ च्या वर जातं, एवढंही त्यांनी तपासलं नव्हतं. दुसरे तर वही बघून हसले. आधी सगळं इंग्रजी आकड्यांत टाइप करून आणा म्हणाले. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा देवनागरी आकडे सरळ वाचते हे त्यांना ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे. तू ओळ मोकळ्या जागांवर तोडलीस, तुकड्यांच्या संख्या केल्यास आणि लिस्ट तयार.

पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. मध्येच हात थांबवून तू विचारलंस, "काका, ही आडवी रेघ म्हणजे पाऊस पडला नाही, की मोजला नाही?"

मोजला नाही, बाय. आईला बांबोळीच्या इस्पितळात ठेवलं होतं, त्या जुलैत ओळभर रेघाच आहेत. हसणाऱ्या गृहस्थांनी नमुन्याच्या पानावर तिथे बिनदिक्कत शून्य भरलं होतं. सत्तरीत भर जुलैत शून्य! तू तिथे 'नॅन', म्हणजे 'इथे संख्या नाही' अशी खूण, ठेवलीस आणि सरासरी काढताना ते दिवस वगळलेस. मला बोलायला सुचेना, तर तू स्क्रीनकडे बघत बसलीस. तेही बरं केलंस.

हुशार माणसं पैशाला पासरी मिळतात. परक्या माणसाच्या वहीतल्या रेघेलाही काही कारण असेल, असं वाटणारी थोडी. तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग.

उरलेल्या वह्या मी तुझ्याच चार ओळींनी करतोय. एके ठिकाणी बाबांनी ४५ पुढे प्रश्नचिन्ह घातलंय आणि प्रोग्राम तिथे अडतो. त्याचं काय करायचं ते तुलाच विचारायचंय. शनिवारी सकाळी मी त्याच टेबलावर असतो.

तुझा,
वहीवाला काका